दोन टपल्या

"मार टपली आणि सोड मला," दाणी सर म्हणाले. "पोरं खाली ताटकळली असतील."

मी मारल्या. दोन, हेल्मेटवर, टक टक. सर दरीकडे पाठ करून कड्याच्या धारेवर उभे राहिले, दोर ताणून घेतला, माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला आणि मागे रेलले. दुपारचे तीन वाजत आले होते. वाकड्या सुळक्याच्या माथ्यावर आता आम्ही दोघंच उरलो होतो. बाकीचे दहाजण उतरून खाली पोहोचले होते.

ही सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता आणि नाशिकच्या आमच्या कातळवेध मंडळाची साधनप्रमुख. साधनप्रमुख म्हणजे दोर, खिळे आणि कमरेला-मांड्यांना बांधायचे हार्नेस यांची राखणदारीण. खोलीची किल्ली माझ्याकडे आणि सुळक्यावरून सगळ्यात शेवटी उतरायचं कामही माझ्याकडे. विश्वनाथ दाणी हे मंडळाचे संस्थापक. शाळेत भूगोल शिकवायचे आणि रविवारी तोच भूगोल आमच्या गुडघ्यांना शिकवायचे. मी नववीत असल्यापासून त्यांच्या मागे होते. माझ्या वडिलांना मी जितकी भीत नसे तितकी सरांना भीत असे, आणि वडिलांइतकाच माझा त्यांच्यावर जीव होता.

आता टपलीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन अडतं. पूर्वी कधीतरी दुसऱ्या एका मंडळाचा मुलगा अर्धवट गाठीवर उतरला आणि गेला. तेव्हा सरांनी आमच्याकडे नियम केला. दोरावरून उतरण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तपासायचं, आणि नुसत्या डोळ्यांनी नाही, हातांनी. हार्नेसच्या कमरपट्ट्याच्या बकलात बोटं घालून बघायची, कडीचा आटा फिरवून बघायचा, गाठ ओढून बघायची. मग हेल्मेटवर दोन टपल्या. टपल्या मिळाल्याशिवाय उतरायचं नाही. "ज्यानं दुसऱ्याच्या डोक्यात मारली, त्याला नंतर माझं लक्ष नव्हतं असं म्हणता येत नाही," असं सर म्हणायचे. हा नियम त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून आमच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला होता.

सगळ्यांसाठी होता तो. फक्त सरांच्या बकलात बोटं घालणारं आमच्यात कोणी नव्हतं. ज्या माणसानं आपल्याला गाठ मारायला शिकवली त्याचीच गाठ ओढून बघायची, म्हणजे बापाला पानावर बसताना हात धुतलेत का असं विचारायचं. त्यातून मी बाई. शाळेपासूनच्या आपल्या शिक्षकांच्या कमरेशी वाकून पट्टा चाचपायचा हे मला कधी जमलं नाही. त्यांनाही ते अवघड होत असावं, कारण तपासायची वेळ माझ्यावर आली की ते आधीच डोकं पुढे करायचे. पोरं हसायची. सरांना टपली मारायला मिळते याचंच आम्हाला कौतुक. बारा-तेरा वर्षांत मी त्यांना शेकडो टपल्या मारल्या असतील. एकदाही हात खाली गेला नाही.

त्या दिवशी माथ्यावर भाकरी-ठेचा झाला होता. पोटाला आवळतंय म्हणून सरांनी कमरपट्टा सैल केला होता. मग त्यांनी खिशातून कागद काढले. राज्यातल्या सगळ्या मंडळांसाठी सुरक्षेची एकच नियमावली करायचं चाललं होतं. अपघात झाला तर जबाबदार कोण, असं सरकारनं विचारलं होतं आणि उत्तर कोणाकडेच नव्हतं. मसुदा सरांनी लिहिला होता. पुढच्याच रविवारी पुण्याला महासंघाच्या सभेत तो मांडायचा होता.

"हे ऐक," सर म्हणाले. "तपासणाऱ्याची जबाबदारी उतरणाऱ्याइतकीच राहील."

"सर, असं लिहिलंत तर उद्या तपासायला कोणी पुढे येणार नाही."

"नको येऊ दे. मग उतरूही नका." एवढं बोलता बोलता त्यांनी कमरपट्टा ओढून घेतला, कागद खिशात घातले आणि उठले. आमचा वाद चालूच होता. वाद घालायला सरांना फार आवडायचं.

आमचे कमरपट्टे त्या काळच्या पद्धतीचे होते. पट्टा बकलातून ओवला की तो घट्ट बसतो, बसल्यासारखा वाटतो. पण टोक उलटं फिरवून पुन्हा एकदा बकलातून मागे घ्यावं लागतं. ते घेतलं नाही तर माणसाचं वजन पडताच पट्टा सर्रकन निसटतो. हे आम्ही पहिल्या दिवशी आलेल्या पोरांना शिकवायचो. सरांनी शिकवलेलंच शिकवायचो.

सर दोन पुरुष खाली गेले असतील. "अगं," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. त्यांच्या हार्नेसला बांधलेला दुसरा, सेफ्टीचा दोर माझ्या हातात होता. तो ताठ झाला, एक हिसका बसला आणि मग तो एकदम हलका झाला. खालून पोरांचा आरडाओरडा आला. मी धारेवर पालथी पडून डोकावले. दोन्ही दोरांना निळा हार्नेस लटकत होता. दोरांनी हार्नेसला इमानेइतबारे धरून ठेवलं होतं. माणूस तेवढा त्यात नव्हता.

मी दोर वर ओढले. मला खाली जायचं होतं आणि दुसरी वाट नव्हती. हार्नेस हातात आला तेव्हा मी तो बघितला, नको असताना बघितला. शिवण जागच्या जागी होती. चौकोन आणि चौकोनात फुली, एक टाकाही हललेला नव्हता. कमरपट्ट्याचं टोक सरळ, गुळगुळीत, बकलातून बाहेर आलेलं. ते उलटं घेतलेलंच नव्हतं. बोट घातलं असतं तर पहिल्या पेरालाच कळलं असतं. मी तो हार्नेस सॅकमध्ये ठेवला, माझा पट्टा तीन वेळा उलटा घेतला आणि रडत रडत खाली उतरले.

तालुक्याच्या ठाण्यात सानप नावाचे फौजदार होते. माणूस भला, पण डोंगराशी त्यांचा संबंध खंडोबाच्या पायऱ्यांपुरता. त्यांनी हार्नेस टेबलावर ठेवला आणि पट्ट्याचं मोकळं टोक चिमटीत धरलं.

"मॅडम, हे इथून निसटलं?"

"हो."

"हे काय, शिवलेलं असतं का?"

"हार्नेस शिवलेलाच असतो," मी म्हणाले.

"शिवतं कोण?"

"नाशिकला द्वारका चौकाजवळ भावसार म्हणून आहेत."

सानपांनी नाव लिहून घेतलं. मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते. रिकाम्या पोटी, ओल्या डोळ्यांनी मी सही केली. आपण काय केलं ते मला तेव्हाच, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं होतं. नंतर कळलं असं मी कधी म्हणणार नाही.

सोमवारच्या पेपरात बातमी आली: हार्नेसची शिवण उसवून ज्येष्ठ गिर्यारोहकाचा मृत्यू.

रघुनाथ भावसार हे ट्रकच्या ताडपत्र्या आणि रिक्षांची हुडं शिवणारे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. परदेशी हार्नेस तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हते. सर एकदा जुना, फाटका परदेशी हार्नेस घेऊन मामांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, असं शिवता येईल का. मामांनी तो रात्रभर उसवला, आठ दिवसांनी नवा शिवून आणला. सरांनी वापरायला मागितला तर देईनात. आधी दुकानाच्या तुळईला दोर बांधून स्वतः त्यात लोंबकळले, पोत्यांची दोन ओझी पायांना बांधून. तिथपासून प्रत्येक हार्नेस त्यांनी असाच बघून दिला. आधी मी लोंबकळतो, मग तुम्ही, असं ते म्हणायचे. त्यांच्यापाशी कागदावर लिहिलेला नियम एकही नव्हता.

सोमवारी अंत्यविधीला ते आले होते. मागे, भिंतीपाशी, हात जोडून उभे होते आणि लहान मुलासारखे रडत होते. आमची नजरानजर झाली. मी मान फिरवली.

मंगळवारी कुमठेकर वकिलांनी मला घरी बोलावलं. ते आमच्या मंडळाचे अध्यक्ष. फार हुशार माणूस, सरांचा लंगोटीयार. त्यांना मी सगळं सांगितलं, टपलीसकट. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"हे बघ वैजयंती, खोटं बोलू नकोस. मी कोणालाही खोटं बोलायला सांगत नाही. विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे."

"आणि भावसारमामा?"

"त्यांच्यावर काहीही सिद्ध होणार नाही. हार्नेस कसा शिवावा याचं आपल्याकडे मानकच नाही. जे मानक नाही ते मोडलं असं कोर्ट कसं म्हणेल? चारदोन खेटे पडतील, सुटतील." त्यांनी चष्मा पुसला. "तुझं तसं नाही. तुमच्याकडे लिहिलेला नियम आहे. दाराला चिकटवलेला, सरांच्या हस्ताक्षरात. तो तू मोडलास हे सिद्ध करायला सरकारी वकिलाला दोन मिनिटं लागतील. तीनशे चार अ, निष्काळजीपणानं मृत्यू. गुन्हा दाखल झाला की खातं तुला निलंबित करणार."

"पण नियम सरांनीच..."

"तेच म्हणतोय मी. रविवारी मसुदा मांडायचाय, विश्वनाथच्या नावानं. ज्यानं नियम लिहिला त्याच्याच पट्ट्याला कोणी हात लावत नव्हतं, हे बाहेर गेलं तर तो मसुदा कोणी वाचेल तरी का? माणूस गेला. नाव तरी राहू दे."

मला ते पटलं. पटवून घेतलं असं हवं तर म्हणा. सरांचं नाव वाचवायचं म्हटलं की माझी नोकरी त्या पदराखाली आपोआप झाकली जात होती, आणि मला ते बरं वाटत होतं. त्या रात्री मी दोन घास जेवलेसुद्धा.

बुधवारी ऑफिसात निरोप आला, भावसार भेटायचं म्हणतायत, साधनांच्या खोलीवर येतील. माझ्या पाचावर धारण बसली. भांडायला येणार, पेपरातल्या बातमीबद्दल विचारणार, अशी मी मनात उत्तरं जुळवत साडेपाचला व्यायामशाळेमागच्या आमच्या खोलीवर पोहोचले. मामा लूना लावून पायरीवर बसले होते. शेजारी एक पोतं होतं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"ताई, किल्ली आणली ना? हार्नेस बाहेर काढा सगळे."

"कशाला, मामा?"

त्यांनी पोत्याचं तोंड उघडून दाखवलं. आत पट्ट्यांचे तुकडे होते. निळे, लाल, काळे, वीत वीतभर कापलेले.

"तीन मंडळांकडचे गोळा करून आलो. तेवीस झाले. तुमच्याकडचे अकरा राहिलेत. रविवार आला की पोरं पुन्हा निघतील ना डोंगरावर."

मी दार उघडलं. मामांनी आत येऊन सरांचा नियम चिकटवला होता तिकडे बघून नमस्कार केला. मग खिळ्यांवरचे हार्नेस काढून जमिनीवर ठेवले, मांडी घालून बसले आणि पिशवीतून कात्री काढली. ताडपत्री कापायची, लांब पात्यांची.

"मामा, हे चांगले आहेत."

"तोही चांगलाच वाटला असेल ना सरांना? म्हणूनच घातला." कात्री पट्ट्यातून गेली. जाड पट्टा कापताना करकर आवाज येतो. "काल साहेबांनी बोलावलं होतं ठाण्यावर. लांबूनच दाखवला, पिशवीत सील केलेला. हात लावू दिला नाही. म्हणलं, साहेब, एकदा टाका बघू द्या, लगेच कळंल मला. नाही म्हणाले. पण मला ठाऊक आहे कसं झालं ते."

"कसं?"

"दिवाळीनंतर मशीनचा ठोका चुकत होता, ताई. मधेच एखादा टाका लांब पडायचा. मी मेकॅनिकला दाखवलं, त्यानं दुरुस्त केलं. पण मधले आठ-दहा दिवस मी तसंच शिवलं. निळा पट्टा तेव्हाचाच असणार."

तो निळा हार्नेस तीन वर्षांचा जुना होता. मला तारीख तोंडपाठ होती, नोंद माझ्याच वहीत होती. मामांनी स्वतःसाठी अपराध शोधून काढला होता आणि तो त्यांना चपखल बसवून दिला होता मी.

दुसरा कापून झाला. तिसरा. मी दाराला टेकून उभी होते. सांगायला तोंड उघडलं की कुमठेकरांचं बोलणं आठवायचं, मग ऑफिसातली माझी खुर्ची आठवायची, मग पुन्हा सर. कात्री चालूच होती. चौथा हार्नेस कापून त्यांनी तुकडे पोत्यात टाकले, कपाळ पुसलं आणि सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कोरा ताव काढला.

"ताई, एक काम होतं तुमच्याकडं. उद्या सकाळी सानप साहेबांकडं जाऊन लिहून देतो. चूक माझ्या शिवणीची आहे म्हणून. ते काही म्हणले नाहीत अजून, पण मी वाट कशाला बघू? तुम्हा पोरांना उगाच बोल नको. सरांनी मला लोकांत नाव दिलं, ताई. ट्रकवाल्यांचा शिंपी होतो मी." त्यांनी ताव माझ्यापुढे धरला. "माझं अक्षर कोंबड्याच्या पायांचं. तुमचं चांगलं आहे. तुम्ही लिहा, मी सही करतो."

मी ताव घेतला. हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण घेतला. स्टुलावर बसून मांडीवर वही धरली आणि लिहायला लागले. 'मी, रघुनाथ दामोदर भावसार, वय वर्षे चौपन्न, धंदा शिवणकाम, राहणार...'

"पुढं काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, माझ्या हातून माणूस मेला."

पेन पुढे सरकेना. मी दोनदा प्रयत्न केला. मग म्हणाले, "मामा, शिवण उसवली नाही."

"काय म्हणता?"

"तुमचा एक टाकाही सुटला नाही. मी हातात घेऊन बघितलाय. सरांनी पट्टा उलटा घेतला नव्हता. आणि मी तपासलं नव्हतं. नुसती टपली मारली."

बाहेर व्यायामशाळेत पोरं मल्लखांबावर उड्या मारत होती, त्यांचे आकडे ऐकू येत होते. मामांनी हातातली कात्री हळूच फरशीवर ठेवली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"सर पडले तेव्हाच."

"सोमवारी स्मशानात तुम्ही माझ्याकडं बघितलं होतं."

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

"हो, मामा."

ते मला शिव्या देतील असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते उठले. उरलेले सात हार्नेस जमिनीवर काढून ठेवलेले होते. ते एकेक करून त्यांनी उचलले, पट्टे सरळ केले, पुन्हा खिळ्यांना अडकवले. एकाचं बकल मुरगळलं होतं, ते नीट केलं. मग कात्री पिशवीत घातली, पोतं खांद्यावर टाकलं आणि गेले. लूना सुरू व्हायला तीनचार किका लागल्या. मी आतच बसून होते.

तो ताव मी फाडला आणि दुसरा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं तालुक्याला गेले.

सानपांनी सगळं वाचलं, पुन्हा वाचलं. "मॅडम, हे रविवारीच का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"आणि आज नाही वाटत?"

"आजही वाटते," मी म्हणाले. त्यांनी शिपायाला चहा आणायला सांगितला आणि गुन्हा नोंदवायला घेतला.

पुढचं थोडक्यात सांगते. मी चौदा महिने निलंबित होते. मंडळानं किल्ली मागून घेतली. कुमठेकर रस्त्यात दिसले तर दुसऱ्या फुटपाथवर जायचे. दाणीकाकूंनी मला दारातच विचारलं, "गेलेल्या माणसाला कशाला ओढलंस गं?" त्यांनी दार लावून घेतलं आणि मी जिन्यात बसून खूप रडले. नियमावली त्या रविवारी नाही, पण वर्षभरानं मंजूर झाली. तपासणाऱ्याची जबाबदारी उतरणाऱ्याइतकीच, हे सरांचं वाक्य तसंच राहिलं. त्याच्याखाली कोणीतरी एक ओळ वाढवली: नेता, प्रशिक्षक, वयाने वा मानाने मोठे, कोणीही याला अपवाद नाही. त्या सभेला मला बोलावणं नव्हतं.

खटल्याचा निकालही आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. मी सुटले. मृत्यूचं थेट कारण मयताची स्वतःची चूक, आरोपीची कसूर नैतिक असेल पण गुन्हा ठरण्याइतकी नाही, असं काहीसं मॅजिस्ट्रेटनी लिहिलं. माझ्या आईनं देवापुढे साखर ठेवली. मी घरी येऊन झोपले.

निकालाच्या आधी, दोन हजार एकच्या पावसाळ्यात, मामांची साक्ष झाली. सरकारतर्फे साक्षीदार होते ते. त्या बुधवारनंतर आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. दुकान चालू होतं. हार्नेस त्यांनी पुन्हा कधीच शिवले नाहीत. मंडळं विनवण्या करून थकली.

पांढरा सदरा घालून ते पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकिलांनी शिवणीबद्दल विचारलं, मशीनबद्दल विचारलं. मग माझे वकील उठले. तरुण होते, उत्साही होते. मामांच्या तोंडून माझी बाजू काढून घ्यायची असं त्यांनी ठरवलं होतं.

"भावसार, आरोपीनं तुम्हाला स्वतः होऊन खरी हकीकत सांगितली, बरोबर?"

"हो."

"तोपर्यंत पोलिसांचा संशय तुमच्यावर होता?"

"हो."

"म्हणजे आरोपी बोलल्या नसत्या तर आज तुम्ही आरोपीच्या जागी असता. स्वतःची नोकरी धोक्यात घालून त्यांनी तुम्हाला वाचवलं. बरोबर?"

"बरोबर."

वकील खूश होऊन खाली बसले. मॅजिस्ट्रेटनी टंकलेखकाला मजकूर सांगितला. शिपायानं मामांना उतरायची खूण केली. मामा जागचे हलले नाहीत.

"साहेब, एक राहिलं."

"जे विचारलं ते सांगून झालं तुमचं."

"ते अर्धंच झालं." मामांनी मान वळवून मागे, मी उभी होते तिकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच बघितलं. "या बाईनं मला तीन दिवस खुनी ठेवलं. चौथ्या दिवशी सोडवलंही यांनीच. वकीलसाहेब सोडवल्याचं तेवढंच विचारून राहिलेत. दोन्ही लिहा."

माझे वकील ताडकन उठले. "हरकत आहे! हे कोणी विचारलेलंच नाही."

"लिहू द्या त्यांना," मी मागून म्हणाले. आवाज मोठा निघाला.

आरोपीनं मध्ये बोलू नये, असं मॅजिस्ट्रेटनी मला दरडावलं. मग ते टंकलेखकाकडे वळले आणि दोन्ही वाक्यं त्यांनी सावकाश सांगितली, आधी पहिलं, मग दुसरं. यंत्राचा आवाज थांबेपर्यंत मामा पिंजऱ्यातच उभे राहिले.